वाघ पाहायला जाण्याआधी

दरवर्षी चवथीला आमच्या घरी माणसं जमली की दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे पुढल्या वर्षी माटोळीला काय काय बांधायचं, आणि दुसरी म्हणजे पुढल्या वर्षी सगळ्यांनी मिळून कुठंतरी लांब जायचं. पहिली गोष्ट दरवर्षी होते. दुसरी कधीच होत नाही.

या खेपेला मात्र वेगळंच झालं. सत्तरीतून मामांनी माटोळीचं सामान पाठवलं होतं. कांगलां, घागऱ्यो, रानातली आणखी कसली कसली फळं अंगणात पसरून आम्ही बसलो होतो. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी आजीला विचारलं, "हे सगळं ज्या रानातून आलं तिथं वाघ असतो?"

"आसा," आई म्हणाली.

"तू पाहिलायस?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पाहिला नाही. लहानपणी कुळागरात जाताना ओल्या मातीत उमटलेली पावलं पाहिली होती. आजोबांनी तिला तिथूनच परत फिरवलं. घरी आल्यावर कुणीही 'वाघ' असा शब्द उच्चारला नाही. 'तो' येऊन गेला, एवढंच म्हणाले. रात्री तर त्याचं नाव घ्यायचंच नाही, असा गावचा रिवाज. शहात्तर वर्षांची माझी आई वाघाच्या शेजारी वाढली, वाघ्रोच्या दगडी मूर्तीपुढं नारळ ठेवत आली, आणि तिनं वाघ कधी पाहिला नाही.

"माका एकदां तरी पळोवपाक जाय," ती म्हणाली. "फोटोंत न्हय."

आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे यंदा दुसरी गोष्टही करायची असं ठरलं, आणि तेव्हापासून आमच्या घरी जो काही गोंधळ चाललाय त्याची ही हकीकत.

पहिला प्रश्न, जायचं कुठं? आमच्याकडे सल्ला देणारे पुष्कळ. त्यातल्या दहांपैकी आठांनी एकच नाव घेतलं, ताडोबा. "तिथं वाघ हमखास दिसतो हो!" ताडोबा उत्तमच आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. आणि नावाची गोष्ट तर मला फारच आवडते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तो लोकांचा देव झाला आणि त्याच्या नावावरून ताडोबा. पण 'हमखास' हा शब्द माझ्या घशाखाली उतरेना. हमखास हा शब्द मासळीच्या थाळीला शोभतो. रानाला कसा शोभेल?

माझ्या मनात होतं कान्हा. एका मित्राच्या कपाटात जॉर्ज शॅलर यांचं 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक सापडलं होतं. या माणसानं १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहून वाघाचा आणि त्याच्या भक्ष्याचा अभ्यास केला. पुस्तक १९६७ साली आलं. भारतातल्या वाघाबद्दल शिकाऱ्यांच्या गोष्टी तोवर ढिगानं होत्या, पण नुसतं बघत बसून, मोजून, नोंदी ठेवून लिहिलेलं असं काही फारसं नव्हतं. गंमत म्हणजे पुस्तकाच्या नावात हरीण आधी आणि वाघ नंतर. वाचल्यावर कळतं की तो क्रम उगाच नाही. हरणं किती, गवत कसं, पाणी कुठं, हे कळल्याशिवाय वाघ कळत नाही.

कान्हा मध्य प्रदेशात, मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत, सातपुड्याच्या मैकल रांगेत पसरलंय. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत त्याचा नंबर लागला. गाभ्याचं क्षेत्र सुमारे ९४० चौरस किलोमीटर. आकडा नुसता वाचला तर काही बोध होत नाही, म्हणून मी गोव्याशी ताडून पाहिला. आपला अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे पेडणे ते काणकोण या सगळ्या मुलखाच्या चौथ्या हिश्शाएवढा नुसता गाभा! भोवतालचं बफर क्षेत्र धरलं तर निम्म्या गोव्याहून मोठं. एवढ्या मोठ्या जागेत 'वाघ कुठं आहे' हा प्रश्न म्हणजे 'गोव्यात अमका माणूस कुठं भेटेल' असं विचारण्यासारखंच.

या मोठेपणाचा पहिला फटका आम्हाला मुक्काम ठरवताना बसला. एका आतेभावानं सुचवलेलं एक छानसं ठिकाण मी जवळजवळ पक्कं करून टाकलं होतं. नंतर नकाशा पाहिला. ते होतं खटिया दारापाशी, आणि आम्ही गोंदियाकडून जाणार ते मुक्की दाराला. मधे अख्खं जंगल! बाहेरून वळसा घालून जायचं तर पहाटेच्या काळोखात दीड-दोन तासांचा प्रवास. म्हणजे आधी दार ठरवायचं, मग फेरी, आणि मग झोपायची जागा. आपण नेमकं उलट करतो. गाद्या किती मऊ आहेत ते आधी बघतो आणि जंगल किती लांब आहे ते नंतर.

दुसरा प्रश्न, जायचं कधी? गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, ते सोपं. ऑक्टोबरात उघडतं तेव्हा पाऊस नुकताच संपलेला, गवत पुरुषभर उंच. सगळं हिरवंगार, पण गवतात हत्ती उभा राहिला तरी दिसायचा नाही. एप्रिल-मे मध्ये गवत वाळतं, पाणी आटतं, जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. वाघ दिसण्याच्या दृष्टीनं तेच दिवस चांगले. पण चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात उघड्या गाडीत आईला बसवायचं? नको. म्हणजे थंडी. थंडीत आणखी एक लोभ होता, तो बारशिंग्याचा. त्याबद्दल पुढं सांगतो.

थंडी म्हणजे डिसेंबर. पण डिसेंबरात आईच्या माहेरची जत्रा. तिथं तडजोड नाही. नाताळच्या सुटीत तर अख्खा देश जंगलात जातो (आणि उरलेला गोव्यात येतो). जानेवारीत संक्रांत झाली की सौ.चं हळदीकुंकू. सव्वीस जानेवारीला जोडून सुटी आली की पुन्हा गर्दी. चिरंजीवांची चाचणी परीक्षा. त्यात बुधवारी दुपारची फेरी नसते. मी एक कॅलेंडर घेऊन लाल पेनानं एकेक दिवस खोडत गेलो. शेवटी जानेवारीतल्या तिसऱ्या आठवड्यातले तीन दिवस उरले. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, असं सौ.नं स्वतःहून सांगितलं. हा तिचा मोठेपणा, आणि तो मी इथं जाहीरपणे नोंदवतो. शाळेचे चार दिवस बुडणार होते. त्यावर आईचा निकाल असा, की चार दिवसांत जे शिकवतात ते पोर घरी वाचील, रान घरी येत नाही.

फेऱ्यांचं आरक्षण तीन-चार महिने आधी, संगणकावरून. जिप्सी नावाच्या उघड्या गाडीत सहा प्रवासी, शिवाय चालक आणि गाईड. आम्ही पाच जण. मी, सौ., चिरंजीव, आई आणि पुण्याहून येणारी ताई. म्हणजे एक गाडी पुरे. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं आणि आरक्षणात दिलेलंच मूळ ओळखपत्र दारावर दाखवावं लागतं. इथं आईनं आम्हाला दोन दिवस बसवून ठेवलं. तिचा जन्म पोर्तुगीज अमलातला. जुन्या कागदांवर तिच्या नावातला 'श' पोर्तुगीज रिवाजानं 'एक्स' लावून लिहिलेला. नव्या कागदावर तोच 'एस एच'. एका कार्डावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. या बाईच्या तीन-चार निरनिराळ्या व्यक्ती सरकारदरबारी नांदताहेत हे आम्हाला वाघाच्या कृपेनं कळलं! शेवटी आधार कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहायचं ठरलं. कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हे काम सगळ्यात आधी करा, एवढाच अनुभवाचा सल्ला.

किती फेऱ्या घ्यायच्या? उत्साहाच्या भरात मी पाच ठरवल्या होत्या. तीन सकाळच्या, दोन दुपारच्या. डॉक्टरांनी आईचे गुडघे पाहिले, कंबर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तीन-चार तास कच्च्या रस्त्यावर? दिवसातून दोनदा?" आईच्या तीन फेऱ्या, दिवसाला एकच, असं ठरलं. शिवाय जिप्सीत मागची बाक उंच असते. तिथून दिसतं चांगलं, पण धक्के सगळ्यात जास्त तिथंच बसतात. आईची जागा चालकाच्या लगेच मागे. चिरंजीव मागच्या बाकावर, त्यांना धक्के हवेच आहेत.

गोव्याहून कान्हा म्हणजे तसा द्राविडी प्राणायाम. मडगावहून कोकणकन्या, सकाळी मुंबई. दिवसभर दादरच्या मावशीकडे टेकायचं, संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस, ती दुसऱ्या दिवशी थेट गोंदियाला पोचवते. तिथून भाड्याच्या गाडीनं बालाघाट, बैहर आणि मुक्की, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. वाटेत बैहरजवळ मलाजखंडची तांब्याची खाण आहे. खाणींच्या मुलखातून निघून खाणींच्या मुलखातून जंगलात शिरायचं, हे गोवेकराला ओळखीचं वाटेल. बालाघाटच्या बाजारात मराठीही कानावर पडते म्हणतात. एके काळी तो नागपूरकर भोसल्यांचा मुलूख.

आता थंडीचे कपडे. जानेवारीत कान्ह्याच्या कुरणांवर पहाटे पारा शून्याजवळ जातो, दहिवर गोठून गवत पांढरं होतं. आणि गाडी उघडी! आमच्या घरात लोकरीचं म्हणून जे काही निघालं ते असं: एक माकडटोपी (महाबळेश्वर, लग्नानंतर), एक शाल (सत्कारात मिळालेली) आणि चिरंजीवांचा बाळपणचा स्वेटर, जो आता त्यांच्या कोपरापर्यंतच येतो. आम्ही पंख्याचा वेग एकानं कमी केला की थंडी पडली म्हणणारी माणसं. शेवटी ताईनं पुण्याहून सगळ्यांसाठी गरम कपडे आणायचं कबूल केलं. रंग मळके, मातकट. लाल, पिवळं, चमकणारं काही नको. आईच्या साड्यांत मातकट रंगाची एकही साडी नाही, हे ऐकून ती म्हणाली, "मग वाघ माझ्याकडेच बघेल, बरंच आहे."

दुर्बीण एकच घेतली, आठ बाय बेचाळीसची. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरात. भिंग मोठं तितका उजेड जास्त आत येतो, आणि रानात जे काही घडतं ते बहुतेक अपुऱ्या उजेडातच घडतं. चिरंजीवांना बाराची हवी होती. पण बाराच्या दुर्बिणीत हात जरा हलला तरी सगळं रान नाचायला लागतं. सध्या तो गच्चीवरून समोरच्या माडावरचे कावळे पाहून सराव करतो. कावळ्यांना ते पसंत दिसत नाही.

सराव आणखी एका गोष्टीचा चाललाय, ऐकण्याचा. वाघ बहुधा आधी ऐकू येतो. त्याचा स्वतःचा आवाज क्वचितच. इतरांनी त्याच्याबद्दल दिलेली खबर मात्र येते. झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण शीळ घालावी तसं, आणि सांबर घुमणारा एकच 'ढांक' असा आवाज काढतं. चितळ घाबरट, उगाचही ओरडतं. सांबर पुन्हा पुन्हा ओरडत राहिलं तर मात्र चालक गाडी बंद करून थांबतो. त्या वेळी आपण बोललो तर सगळं फुकट. मी हे समजावून सांगत असताना आई म्हणाली, गावात रात्री गुरं एकदम गप्प झाली की आम्ही दार लावत असू. तिचं शिक्षण आधीच झालेलं होतं.

आता बारशिंग्याची गोष्ट. भारतात इतरत्र बारशिंगे राहतात ते दलदलीच्या मुलखात, पसरट खुरांचे. कान्ह्यातल्या बारशिंग्यांचे खूर टणक, कोरड्या जमिनीवर चालणारे. ही जात नैसर्गिकपणे उरली ती फक्त कान्ह्यात. १९७० मध्ये मोजले तेव्हा अवघे ६६ भरले. त्यातून त्यांना परत आणण्यात आलं. कुरणं राखली, कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात पिलं वाढू दिली. आता त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे आणि सातपुडा, बांधवगड इथंही त्यांना नेऊन सोडलंय. थंडीत नरांचा माजाचा काळ, तेव्हा त्यांची लांबलचक साद कुरणावरून ऐकू येते. माझ्यासाठी ही सहल खरी त्या सादेसाठी आहे. वाघ नाही दिसला तरी बारशिंगा दिसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि स्वतःवर खूष होतो.

पण ही गोष्ट वाचत गेलो तशी एक दुसरी बाजू दिसू लागली. कान्ह्याची ती प्रसिद्ध कुरणं, जिथं बारशिंगे चरतात आणि ज्यांचे फोटो आपण बघतो, त्यांतली बरीचशी म्हणजे जुन्या गावांच्या जागा. तिथं बैगा आणि गोंड लोकांची घरं होती, शेतं होती. सोनफसारखी गावं बारशिंग्यांसाठी, पुढं वाघासाठी उठवली गेली. घरं गेली, गवत आलं. बैगांबद्दल व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. नांगरानं धरणीमातेची छाती फाडायची नाही म्हणून नांगर न धरणारे, रान जाळून राखेत बी फेकणारे हे लोक. आणि त्यांचा एक देव कोण? बाघेश्वर. वाघ.

हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आई भाजी निवडत होती. "म्हणजे त्यांचाही वाघ्रो," ती म्हणाली, अगदी सहज. हजार-बाराशे किलोमीटर लांबचे लोक तिला एकदम शेजारचे वाटायला लागले.

आणि मग तिनं अट घातली. इतक्या लांबच्या वाघाकडे जायचं तर आधी गावच्या वाघ्रोला सांगून जायचं.

म्हणून गेल्या रविवारी सत्तरीत गेलो. वाघ्रोची मूर्ती म्हणजे झाडाखाली एक झिजलेला दगड, त्यावर वाघाची ओबडधोबड आकृती. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत असे वाघ्रो ठिकठिकाणी आहेत. आईनं नारळ ठेवला, फूल ठेवलं, काहीतरी पुटपुटली. परत येताना मामांच्या घरी चहा. मी उत्साहानं सगळा बेत सांगितला. दार, फेरी, दुर्बीण, बारशिंगे. मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्यांचा मिळून खर्च किती?"

मी आकडा सांगितला.

"पयशे खर्चून पळोवपाक वता?" मामा म्हणाले. "हांगा येऊन राव. आमगेर फुकट येता, वयल्यान गोरूं व्हरता."

सगळे हसले, मामासुद्धा. पण मग ते मला गोठ्यात घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक दुभती गाय गेली. रानाच्या कडेला अर्धी खाल्लेली सापडली. पंचनामा झाला, फोटो काढले, अर्ज भरला. त्यानंतर त्या कागदासाठी किती वेळा कचेरीत खेटे घातले ते त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर आल्यावर सोडून दिलं. पैसे आले, पण गायीच्या किमतीच्या निम्मेही नाहीत, तेही वर्ष उलटल्यावर. मी ज्या जिप्सीचं आरक्षण केलं त्याचे पैसे खात्यातून दोन मिनिटांत गेले होते. हे मला तिथं उभं असताना आठवलं, मामांना सांगितलं नाही.

मंडळी, आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे सत्तरीत काय झालं ते. २००९ मध्ये केरी भागात वाघ मारला गेला. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधेनं. गुरं गेल्यामुळे विष घातलं गेलं, असं तपासात पुढं आलं. चार वाघ एका आठवड्यात! तेव्हा मी फार चिडून लिहिलं होतं, बोललो होतो. माणसं किती क्रूर असतात वगैरे. गोठ्यात उभं राहून ते पुन्हा म्हणायचं धाडस मला झालं नसतं. वाघीण मारणं अक्षम्यच आहे, आजही तेच म्हणेन. पण ज्याची गाय गेली त्याच्या दारात आपण कधी जाऊन बसलो होतो, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई आणि लगतचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा, असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. शहरात आम्ही वर्तमानपत्र वाचून बाजू घेतो. माझी बाजू ठरलेली आहे, प्रकल्प व्हावा. मामांना मी तसं म्हणालोही. ते रागावले नाहीत. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींचे कागद कित्येकांच्या नावावर अजून नाहीत. मोकासो, आल्वारा या शब्दांत त्यांची अर्धी हयात गेलेली. त्यांनी फक्त विचारलं, "रिझर्व्ह जाल्यार आमी खंय वचप?"

मला उत्तर देता आलं नाही. कान्ह्याच्या कुरणांचे फोटो डोळ्यांपुढं होते. तिथल्या लोकांनीही कधीतरी हाच प्रश्न विचारला असेल.

आम्ही निघालो तेव्हा मामा गाडीपर्यंत आले. खिडकीशी वाकून म्हणाले, "वता तर थंयच्या लोकांक इतलें विचार. गोरूं गेल्यार तांकां कितें मेळटा, कितल्या दिसांनी मेळटा, आनी तीं आजून थंय कशीं रावल्यांत."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. चिरंजीवांनी मात्र विचारलं, की एवढं सगळं करून वाघ दिसलाच नाही तर? मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, पण आईनं उत्तर दिलं. "तुका वाघ दिसलो ना म्हण कितें जालें? वाघाक तूं दिसतलोच."

घरी आल्यावर बेतात एक बदल केला. आई विश्रांती घेईल तेव्हा आम्ही चौघांनी जायच्या म्हणून दोन जादा फेऱ्या मी धरून ठेवल्या होत्या. त्यातली एक रद्द केली. थोडे पैसे बुडाले, बुडू देत. त्या वेळात बफरमधल्या एखाद्या गावात जायचं, आईला घेऊन. तिथले गाईड बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात, त्यांच्यापैकी कुणाला विचारून, कुणाच्या ओटीवर बसायची परवानगी मिळाली तर. तमाशा पाहायला जातात तसं नाही. फोटो नाहीत. मामांचे तीन प्रश्न विचारायचे, आणि त्यांनी आम्हाला उलट काही विचारलं तर आमच्याकडचं खरं खरं सांगायचं. गोळावलीचंसुद्धा.

निघायला अजून नऊ दिवस आहेत. फ्रीजवर चिकटवलेल्या यादीत ओळखपत्रं, गरम मोजे, आईच्या गोळ्या, दुर्बीण, सुकी खोबऱ्याची वडी असं सगळं आहे. मामांचे प्रश्न मी सगळ्यात वर लिहिले. काल पाहिलं तर आईनं तळाशी पेन्सिलीनं एक ओळ वाढवली होती: 'नारळ एक, तिथल्या वाघ्रोला.'